पोशव्वाची ओटी

आवो बसा की नागुबाई, अशा दारातच कामून उभ्या राह्यल्या? हातात काय — खण, नारळ, तांदूळ... ओटी? कोणाची मनलात? पोशव्वाची? ती तं आज चालली ना माय, टेम्पोत भांडे भरून राहिले तिकडं. नवऱ्याला निजामाबादला सेंट्रिंगचं काम लागलंय. हाव, सातवा लागलाय तिला, म्हाईत हाय मला. मी चलू? तेलगूतून सांगायला? कशाला उगं — त्यांच्यात ओटी न्हाई भरत, मी सांगितलं न्हाई का तुम्हाला? काय? फोटू? तिनं दाखवला मोबाईलमधी, बहिणीची ओटी भरताना?

घ्या. कोंबडं झाकलं मनून तांबडं फुटायचं ऱ्हातंय का? खोटं बोलले मी, नागुबाई. रेणुकामायची आण, खोटं बोलले. दोन वर्सं झाले तिला गावात येऊन — तिला मराठी न्हाई, तुम्हाला तेलगू न्हाई, मधी मी एकटी निर्मलकडची, तेलगू मुलखातली. काईबी असलं की चतुराबाईला इचारा. संक्रांतीला तुम्ही मनलात, तिला हळदीकुंकवाला आणा. मी काय सांगितलं? तिला न्हाई आवडत. अन् तिला काय सांगितलं? भायरच्या बाईला हितं बोलवत न्हाईत. नवी साडी नेसून बसली व्हती वो पोरगी! दिवसभर खिडकीतून तुमच्या जाण्यायेण्याकडं बघत व्हती.

कामून केलं? कामून मंजे... पंधरा वर्साची आले मी ह्या घरात. सासूनं पहिल्याच दिशी सांगितलं, तुही बोली चुलीत घाल. घातली. चाळीस वर्सं. आई मेली तव्हा रडले, तेबी मराठीतच रडले बाई. अन् ही आली, भिंतीपल्याडून हाक मारली — अम्मा, तिन्नवा? जेवलीस का, इतकंच. तव्यावर भाकर तशीच टाकून भाईर पळाले मी. तव्हापासून रोज इचारती. मला वाटलं, ही तुमच्यात मिसळली, मराठी शिकली, तं मव्ह्या दाराला कशाला यील? मनून धरून ठेवली. पाप केलं. काल गळ्यात पडून रडली — मनली, अम्मा, ह्या गावात तू सोडून एकबी माणूस चांगलं न्हाई. अन् म्या मुकाट ऐकून घेतलं वो. तव्हाबी तोंड उघडलं न्हाई.

उठा, उठा आता. टेम्पो चालू झाला बघा. न्हाई, मी न्हाई येत. ओटीला कशाला बोली लागती? पाटावर बसवा, कुंकू लावा, पदरात घाला — समदं कळतंय तिला. मी आले तं पुन्हा मधीच उभी ऱ्हाईन. अन् तिनं अम्मा, अम्मा करून इचारलं तं... हातानं सांगा, जेवली मना. नका बघू मव्ह्याकडं असं. जा ना माय, पळा.