पाण्यात तोललेले दोन रुपये

हॅलो?… हो, गिरणीचंच ऑफिस. शरच्चंद्र बोलतोय… कोण, गुरुबसप्पाअण्णा? दुकानातून?… सावकाश, अण्णा. आधी मोजून सांगा.

गल्ल्यातले बेचाळीस रुपये. त्यातले एक्केचाळीस नेहमीसारखे. आणि एक?… ‘दोन्हीकडं बादशहा’?… एकीकडे वर आलेला, दुसरीकडे आत गेलेला. अक्षरं?… आतल्या बाजूला सरळ अक्षर एकही नाही. ‘लई खोल हाय’ म्हणजे किती?… नाही, नाणं फोनसमोर धरू नका. मला दिसत नाही.

तो होटगीच्या गिऱ्हाइकाला परतीच्या पैशांत दिलात, आणि त्याने थेट फौजदारांनाच आणलं?… समोरच बसलेत. बरं… खोटे रुपये पाडता म्हणून चार वाजता सात रस्त्याच्या चौकातून चालवत नेणार… आणि परवा तुमच्या हेमावतीला बघायला माढ्याची माणसं यायची आहेत. माहीत आहे, अण्णा. तुमच्याच वरच्या खोलीत राहतो ना मी, मलाही झाडून घ्यायला सांगितलंय काकूंनी.

ऐका तर. टांकसाळीत एखादं नाणं ठशालाच चिकटून राहतं. पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. मग किंमत उमटायची तिथे बादशहाच उमटतो, पण आत, आणि उलटा… नाही, कुणाचा करणीचा प्रकार नाही. आमच्या प्रोफेसरांनी असल्या एका रुपयाला पन्नास मोजले होते… नाही, ही किंमत आत्ता फौजदारांना सांगू नका… सांगितलीत.

बरं. काकूंकडून कणीक घ्या… भाकरीचं पीठ नको, चिरेल. खोल बाजूवर दाबा. हलकेच सोलून काढा… नाक कुठे वळलंय?… डावीकडे. आता चांगल्या रुपयावर बघा… तिथेही डावीकडे. जुळलं. ती कणीक जपून ठेवा, पुरावा आहे… काकूंनी काय केलं?… तव्यावर?… अण्णा, बादशहाला भाजणं कुठल्या कलमात बसतं ते मला ठाऊक नाही. मी सायन्सचा.

हो, एकनाथराव, दोनच मिनिटं… आमचे हेडक्लार्क. घड्याळ दाखवताहेत.

आता धातू. शेजारच्या ईरप्पा सोनाराला काटा घेऊन बोलवा… आलेत? एका पारड्यात हे नाणं, दुसऱ्यात एक चांगला रुपया… फौजदार गल्ल्यातला नको म्हणतात? रास्त आहे. मग त्यांच्याच खिशातला घ्या, आणि तसं पंचनाम्यात त्यांनाच लिहू द्या… बसला काटा? म्हणजे दोन्ही एकेक तोळा… नाही, एवढ्यावर सुटका नाही. खोटा रुपयाही तोळाभर करता येतो. पण धातू हलका असला की तो थोडा जाड होतो, आणि पाण्यात जास्त उचलला जातो.

दोन्ही नाणी पारड्यांखाली दोऱ्याने लोंबती बांधा. तुम्ही फोन धरा, ईरप्पांना बांधू द्या… तांब्यात मावायची नाहीत. घंगाळ घ्या. दोन्ही पूर्ण बुडू देत, तळाला टेकू नयेत… बेलाचं पान कुणी घातलं?… काकूंना म्हणावं, पूजा नंतर. काढा ते, दोऱ्याला लागेल.

कललं?… आपला रुपया खाली, फौजदारांचा वर?… पुन्हा सांगा… पारडी बदलून बघा, काटाच वाकडा असेल… तसंच?

अण्णा, आता त्यांचा रुपया सोडवा आणि गल्ल्यातला एक बांधा… त्यांना चालत नसलं तरी… बरोबर बसला. दुसरा?… तोही. तिसरा?… हं.

फौजदार काय करताहेत?… टोपी घातली? चार वाजायचे आहेत अजून. बसवा त्यांना, प्रयोग पुरा व्हायचाय. त्यांचा रुपया परत बांधा… देत नाहीत? म्हणावं, पंचनाम्यात तो तुम्हीच लिहिलाय, स्वतःच्या हाताने… घेतला? छान. आता त्याच्या पारड्यात ईरप्पांच्या वजनाच्या गुंजा टाकायच्या. एकेक करून… एक… अजून वरच आहे… दोन… थांबा, पाणी हलू देऊ नका… बसला?

नाही, एकनाथराव, झालंच.

पुढचं कोण लिहितंय?… फौजदारसाहेब स्वतः? मग सांगतो तसं त्यांना लिहू द्या. गुरुबसप्पांच्या गल्ल्यातला दोन बादशहांचा रुपया, हवेत एक तोळा, पाण्यात गल्ल्यातल्या इतर तीन रुपयांइतकाच. फौजदारसाहेबांच्या खिशातला रुपया, हवेत एक तोळा, पाण्यात दोन गुंजा हलका.