टायरच्या खाचेतलं कुंकू

टायर किती टिकतो, याबाबत विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? विकणाऱ्यावर की चालवणाऱ्यावर? मलकापुरात माझं टायरचं दुकान, त्यामुळं माझं उत्तर ठरलेलं असायचं: "माझ्यावर!"

होळीच्या तोंडावर एक निवृत्त सुभेदार आपली स्पोर्ट टूरिंग, म्हणजे पुढं वाकून लांबचा पल्ला मारायची, मोटरसायकल घेऊन आले. त्यांना तिच्यावरून थेट लडाखला, जुन्या पलटणीला भेटायला जायचं होतं. म्हणाले, "शेठ, वाटेत दगा द्यायला नको. लय टिकणारा टायर दाखवा."

मी त्यांना दुकानापुढं उभ्या असलेल्या माझ्या तसल्याच गाडीकडं नेलं. "हे बघा, दोन वर्षं हाच टायर हाय. नक्षी जरासुदिक झिजली न्हाई!"

सुभेदार खाली वाकले, टायरच्या खाचेत बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. बोट लाल झालेलं.

"आवं शेठ, हे दसऱ्याच्या पूजेचं कुंकू. तवापासनं गाडी हललीच न्हाई व्हय?"

"तिच्यावर बसलं की कंबर धरती हो," मी पुटपुटलो.

टायर त्यांनी माझ्याकडूनच घेतले. पण जाताना बजावलं, "किती टिकला ते मी येऊन सांगतो. तवर तुमी गिऱ्हाइकाला काय सांगू नका!"

म्हणून सांगतो गड्यांनो, टायर किती वर्षं टिकला ते मोजताना गाडी किती पळाली तेही मोजा. हिशेब खरा ठेवा, आणि माझी गाडी त्यात धरू नका.