बाचा हिरवा

मी मूळचा हरसूलकडचा. आमच्या गावात बोहाडा असतो, मुखवटे घालून देव-राक्षस नाचतात, त्यातला हिरव्या तोंडाचा रावण आमच्या घराकडं हाय, आज्या-पणज्यापासनं. घालायचा बा आन् दरसाली रंगवायचाबी बाच. मी हितं नाशकात इंदिरानगरला बिल्डिंगी रंगवतो, पण मुखवट्याला ब्रश लावू द्यायचा नाय मला. तुझा हात भिंतीचा, म्हणायचा. लय लागायचं ते.

यंदा त्याचा हात थरथरायला लागला तवा कुठं दिला. काय सांगू तुम्हाला, निळ्यात पिवळा थेंब-थेंब मिसळून असा हिरवा काढला का मीच बघत बसलो. मग हितंच एका हॉलात कार्यक्रम होता, तिथं बा नाचायला आला आन् लाईटवाल्या पोरीनं लाल उजेड सोडला, तर रावणाचं तोंड काळं ठिक्कर. घरी मोबाईलवर बघून बा म्हणतो, पोरानं काळं फासलं.

मी गेलो त्या पोरीशी भांडायला. ती म्हणे, काका, लाल उजेडात हिरवा रंग काळाच दिसतो. आन् तिनं पडद्यावर लाल-हिरवा उजेड एकावर एक पाडला तर झाला पिवळा, आईशप्पथ. मी वीस वर्षं डबे ढवळतोय, लाल-हिरव्याचा चिखलच होतो.

बाला सांगितलं, पटलं नाय. तुझा हिरवाच पिवळट हाय, निळा टाक. टाकला. अजून टाक. चार दिवस हेच, डोकं फिरलं माझं. मुखवटा पार निळा झाला तवा बा म्हणाला, आता बरोबर.

माझ्या मनात शंका आली म्हणून दवाखान्यात नेला, तर मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टरीण म्हणे, यांना सगळं पिवळ्या काचेतून बघितल्यागत दिसतं. म्हणजे पिवळा त्याच्या डोळ्यातच होता, मी नुसता निळा घालत होतो.

काल ऑपरेशन झालं, उद्या पट्टी सुटंल, बोहाडा आठ दिवसांवर. निळा रावण बघून बा हाय खाईल, म्हणून पहिलाच हिरवा परत द्यायला बसलोय. सकाळपासनं डबा उघडतोय, झाकतोय, चहा तीनदा झाला. हात उचलंना. उभ्या जन्मात बानं मला बरोबर एकदाच म्हटलं, ते ह्या निळ्याला, आन् तोच मी झाकायचा. असू द्या, देतोच हिरवा. डोळे चांगले होऊ देत त्याचे, मग म्हणू द्या काय म्हणायचं ते.