नत्थूचा खांदा आणि माझी मलमपट्टी

अध्यक्षस्थानी विराजमान आदरणीय बापूजी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते फुटबॉलचे पंच अण्णाजी, व्यासपीठावरील मान्यवर, सेलू संघाचे खेळाडू आणि वर्धेकर बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापिका असताना नुसतं वर्गाला गप्प करायला मला तेवढी लागत. असो.

या बाईचा फुटबॉलशी काय संबंध, असं पहिल्या रांगेतले चेहरे विचारताहेत. सांगते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला प्रथमोपचार शिकवले, प्रमाणपत्रही दिलं. तेव्हापासून मी धडधाकट माणसाकडे संशयाने बघते. गेल्या हिवाळ्यात सेलू-वर्धा अंतिम सामन्यालाही मी पट्ट्या आणि टिंक्चर घेऊनच बसले होते.

सेलूच्या गोलात नत्थू होता. गिरडकडचा गोंडाचा मुलगा, कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करणारा. पहिल्यांदाच त्याला संघात घेतलं होतं, तेही कुरकुरत. खेळ संपत आलेला, दोन्ही बाजू बरोबरीत. नत्थूने चेंडूसाठी उडी टाकली, त्याला धडकून वर्ध्याचा गडी आडवा झाला आणि अण्णाजींनी पेनल्टी दिली. पडलेला गडी कपडे झटकून उठला. खांदा दुखावला तो नत्थूचा! ज्याला लागलं त्यालाच शिक्षा? हा कुठला न्याय? मी तशीच मैदानात घुसले.

अण्णाजींनी शिट्टी वाजवली. कुणासाठी? माझ्यासाठी!

"विमलाबाई, मी बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. आधी रेषेबाहेर व्हा."

मी इंग्रजीत बोलू लागले. रागावले की मला इंग्रजी येतं आणि समोरच्याला ते कळलं नाही तर फार बरं वाटतं. अण्णाजींना सगळं कळत होतं. त्यांनी शांतपणे मला बाहेर काढलं आणि मग रीतसर आत बोलावलं. मी हात गळ्यात अडकवायची पट्टी काढून नत्थूचा हात बांधायला घेतला.

"बाई, हात बांधला तं बॉल कायनं अडवू? डोक्यानं?"

तेवढ्यात सेलूचे कप्तान भैयाजी आले. "अबे, तू हो बाजूले. गोलात मी उभा राहतो."

"अगदी बरोबर!" मी म्हणाले. भैयाजींशी माझं एकमत तेवढं एकदाच झालं.

नत्थूचा चेहरा उतरला. "भैयाजी, आज निघालो तं मले पुन्हा घेसान का?"

भैयाजी गोलाकडे निघाले.

अण्णाजी म्हणाले, "या स्पर्धेत बदली गडी बाहेरून घेता येत नाही. भैयाजींना गोलात उभं राहायचं असेल तर आधी मला सांगावं लागेल. न सांगता चेंडू हातात घेतला तर आणखी एक पेनल्टी. पण गोलरक्षक दुखावलाय, तो सावरेपर्यंत मी किक थांबवतो. नत्थू, तू उभा राहू शकतोस का?"

मी तोंड उघडलं, तर अण्णाजी म्हणाले, "तुम्हाला नाही विचारलं, बाई."

चाळीस वर्षं मुलींना जे ऐकवत आले, ते मला त्या दिवशी ऐकावं लागलं.

"राहतो जी," नत्थू म्हणाला.

किक झाली. नत्थू त्याच दुखऱ्या खांद्यावर पडला. चेंडू बोटांना लागला आणि तरी आत गेला. सेलू हरलं.

नत्थू मातीतून उठेना. भैयाजी गेले, त्याच्याजवळ उकिडवे बसले. "खांदा बरा करून येजो. गोल तुलेच राखाचा हाय."

मग नत्थू माझ्याकडे बघून म्हणाला, "आता बांधा, बाई. पायजे तेवढं बांधा."

आणि काय सांगू, प्रमाणपत्र असूनही मला गाठ मारता येईना, ती अण्णाजींना मारावी लागली.

अण्णाजी, त्या दिवशी मला गप्प केलंत म्हणून नत्थू संघात राहिला. तुमचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला दुखावलं असेल तर उदार मनाने पोटात घाला. उपचार मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.