एकतीस रविवार, एकतीस वेळा पिवळा

दीर : दुकानदाराने माझ्यासमोर तपासलं, वहिनी. आपल्या माशांच्या टाकीतलं पाणी नळीत घातलं आणि नळी गडद हिरवी झाली. म्हणाला, "घरात कुणी बघत नव्हतं का?" काय सांगणार होतो मी त्याला?

वहिनी : सांगायचं, वहिनी बघत होती म्हणून.

दीर : चौदा मासे तुमच्यावर सोपवून जहाजावर गेलो. सात महिन्यांनी परत येतो, तर पाच.

वहिनी : मोजता मलाही येतं, भावोजी. नऊ वेळा जाळी घालून मीच बाहेर काढलेत.

दीर : आणि ही तुमची वही. एकतीस रविवार, एकतीस वेळा 'पिवळा'. पिवळा म्हणजे पाण्यात अमोनिया शून्य, हिरवा म्हणजे माशांना विष. मग मासे काय वाऱ्याने मेले?

वहिनी : पिवळा होता म्हणून पिवळा लिहिला.

दीर : एकाच शाईत, एकाच अक्षरात. एकदाही जरा हिरवट नाही?

वहिनी : घरात एकच पेन चालतं, तेही दोऱ्याने बांधून ठेवावं लागतं. आडून आडून बोलू नका. मी नळीला हात न लावता वही भरली, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?

दीर : मी असं कुठे म्हणालो?

वहिनी : माझ्याशी नाही म्हणालात. ह्यांच्या कानावर घातलंत, "वहिनीला जमत नव्हतं तर सांगायचं होतं." हे रात्री जेवताना मला विचारतात, "कंटाळा आला होता का गं?" दर रविवारी नळी धुतली, रेघेपर्यंत पाणी भरलं, एक नंबरच्या बाटलीतले आठ थेंब, दोन नंबरच्या बाटलीतले आठ थेंब, हलवलं आणि घड्याळ लावून पाच मिनिटं त्या नळीसमोर बसले. पाहुणे आले तरी बसले. आणि लग्नाचा नवरा विचारतो, कंटाळा आला होता का. फार लागलं हो मला.

दीर : मग तुम्हीच सांगा कसं झालं ते. इंजिनरूममध्ये एक काटा चुकला तर कळतं, शेजारी दुसरा असतो. इथे नळी एक आणि बघणारं माणूस एक. नळी काही खोटं बोलत नाही.

वहिनी : म्हणजे खोटं बोलायला मीच उरले.

दीर : वहिनी, तसं नाही...

वहिनी : थांबा. ती काचा पुसायची बाटली द्या इकडे, खिडकीतली.

दीर : आता काचा पुसायच्यात?

वहिनी : आत काय काय घातलंय ते वाचा. चष्मा नाही माझ्याजवळ.

दीर : पाणी, सुगंध... अमोनिया.

वहिनी : हां. हा पेला स्वच्छ पाण्याचा. ह्यात घाला त्याचे चार थेंब. ढवळा. आता ह्यातलं पाणी नळीत घ्या आणि तपासा. सगळं तुमच्या हाताने करा. माझं बोटही लागायला नको, उगाच मागाहून बोलणं नको.

दीर : सहा, सात, आठ. आता दोन नंबर... झाले आठ. हलवली.

वहिनी : घड्याळ लावा.

(पाच मिनिटांनी घड्याळ वाजतं.)

वहिनी : कुठला रंग?

दीर : पिवळा.

वहिनी : उजेडात धरा.

दीर : पिवळाच आहे, वहिनी.

वहिनी : लिहू का वहीत? पेन आहे इथेच.

दीर : औषधच मेलंय ह्यातलं. पण तपासणीची पेटी तर कोरी होती. निघायच्या आदल्या दिवशी मीच सील फोडलं.

वहिनी : कोरी असेल, पण ताजी होती का? दुधावर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते. ह्याच्यावर नाही?

दीर : असते. पण दिसत नाहीये. वर चिठ्ठी चिकटवलीय कुणीतरी.

वहिनी : अक्षर कुणाचं आहे?

दीर : माझं.

वहिनी : "बारीक अक्षर तुम्हाला दिसायचं नाही वहिनी, मी मोठा एक आणि मोठा दोन लिहून देतो." फार काळजी होती तेव्हा. काढा नखाने.

दीर : निघतेय... मुदत संपलेली आहे.

वहिनी : कधी?

दीर : मी जहाजावर जायच्या दीड वर्ष आधी.

वहिनी : दीड वर्ष.

दीर : दोन पेट्या एकदम आणल्या होत्या. एक वापरली, दुसरी कपाटात पडून राहिली. सील आहे म्हणजे ताजी, असं धरून चाललो. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं, तर मी त्याला फाडून खाल्ला असता.

वहिनी : बाटलीवर नाही राग माझा. मुकादम गेला तो आठवडा आठवतो?

दीर : मुकादम कोण?

वहिनी : तो मोठा काळा. खायला टाकलं की सगळ्यांना हाकलायचा तो. चार दिवस सगळे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते. कल्ले लालभडक. मी फोन करून म्हटलं, अर्धं पाणी बदलते. तुम्ही काय म्हणालात?

दीर : नीट आठवत नाही.

वहिनी : मला शब्दन्शब्द आठवतो. "नळीचा रंग सांगा." म्हटलं, पिवळा. "मग पाण्याला हात लावू नका. तुम्हाला उगाच वाटतं, वहिनी." बादली भरून टाकीशेजारी ठेवली होती मी. मोरीत ओतून दिली.

दीर : ओतायला नको होती.

वहिनी : तुमचे मासे, तुमची नळी. ऐकलं मी.

दीर : बादली कुठाय? आधी पाणी बदलू. हे पाच तरी वाचतील.

वहिनी : तुम्ही नमुना घेऊन दुकानात गेलात, तेवढ्यात बदललं मी अर्धं. आज कुणाला विचारलं नाही. बघा, खाली गेलेत सगळे. सकाळी वर येऊन तडफडत होते.

दीर : दादाला मी सांगतो सगळं.

वहिनी : सांगाल तेव्हा माझ्यासमोर सांगा. कानात नको.

दीर : समोर सांगतो. आणि... दुकानदाराला टाकी तुझ्याकडे नेऊन ठेव म्हणून सांगून आलोय मी. परवा येणार आहे तो. येऊ दे की नको म्हणू?

वहिनी : मला विचारताय?

दीर : हो. पुढची फेरी नऊ महिन्यांची आहे. ठेवाल का तुम्ही?

वहिनी : ठेवीन. नवी पेटी आणा, तारीख बघून आणा, चिठ्ठ्या चिकटवू नका. दर रविवारी तपासेन, लिहीन. पण मी फोन केला, तर आधी रंग विचारायचा नाही.

दीर : मग काय विचारू?

वहिनी : मासे कसे आहेत, ते.