सातव्या खुंटीवरचा रंधा

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या कारखान्यात चौकटी करणाऱ्या ताई. त्यांच्या शेजारी बसलेले शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांचे बाक आम्ही केले आणि जे अजून डुगडुगत नाहीत असं ते म्हणतात. माझे सगळे सोबती, त्यांच्या घरची मंडळी, आणि दाराशी उभं राहून 'आटपा आता' अशा खुणा करणारी आमची सौभाग्यवती. सगळ्यांना माझा नमस्कार.

आत्ता माझं एवढं कौतुक झालं, तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. तुम्हाला वाटलं असेल, काय हा विनय! विनय कसला, शरमेनं मान वर होत नव्हती.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. हा सुतारकामाचा कारखाना एकेकाळी मालकाचा होता. अवजारांच्या कपाटाला कुलूप, किल्ली मालकाच्या खिशात. मालक जेवायला गेला की आम्ही अठराजण हातावर हात ठेवून बसायचो, आणि तो परत आला की 'काम का झालं नाही' म्हणून बोलणी खायचो. पुढे त्याला धंदा झेपेना, तेव्हा जागा आणि अवजारं आमच्या गळ्यात मारून तो गेला. आता मालक कोण, यावर सभा बसली. अठराजणांनी वाटे करून घ्यावेत, असं बरेच म्हणत होते. तेव्हा मीच उठून म्हणालो, "एक मालक गेला, आता अठरा कशाला आणता? कुणीच नको."

त्या दिवसापासून कपाट गेलं आणि भिंतीवर खुंट्या आल्या. हवं ते अवजार घ्या, फळ्यावर खडूनं नाव लिहा, काम झालं की धार लावून परत टांगा आणि नाव पुसा. घरी न्यायलासुद्धा मोकळीक. कमाईतला वाटाही ज्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त, त्याला जास्त. यावर भांडणं झाली, खोटं कशाला बोलू, पण मोडलं नाही. लांबून लोक बघायला यायचे. मालकीशिवाय जग कसं चालेल, असं विचारायचे, आणि उत्तर द्यायला मी पुढे. "कुलूप वस्तूला नसतं हो, मनाला असतं," हे माझं ठरलेलं वाक्य. ते आज चौकटीत घालून मलाच भेट दिलंत. काय म्हणावं याला?

अकरा वर्षांपूर्वी सातव्या खुंटीवरचा लांब रंधा नाहीसा झाला. जुन्यांना आठवत असेल. त्या दुपारी तो ताईंनी वापरला होता, धार लावून जागेवर टांगलाही होता. हात सरसानं चिकट झाले होते म्हणून फळ्यावरचं नाव तेवढं पुसायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी आणि फळ्यावर ताईंचं नाव.

सभा झाली. ताई एवढंच म्हणाल्या, "मी ठेवला होता." मग मी उठलो. मोठ्या मनानं म्हणालो, "जाऊ द्या, चुका माणसाकडूनच होतात. आपण ताईंना काही विचारायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यानं चोरी केली त्यानंच माफी दिली, आणि तीही जिनं काही केलं नाही तिला.

होय, रंधा मी नेला होता. घरचं दार चौकटीला घासत होतं, तेवढ्यापुरता. फळ्यावर लिहायचा कंटाळा केला. दार तासून झालं तेव्हा सौभाग्यवतीनं विचारलं, "कुणाचा हो हा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा." आयुष्यात पहिल्यांदा एवढं चांगलं अवजार माझं झालं होतं. शब्द फार गोड लागला. सकाळी नेऊन ठेवणार होतो, तर सकाळी सभाच बसली, आणि तिथे माझी जीभ आधी चालली. मग कुठल्या तोंडानं नेऊन ठेवू?

तो माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत एकदाही चालवला नाही, कुणी बघितलं तर काय सांगू म्हणून. इथे सगळेजण उरलेल्या एकाच लांब रंध्यावर पाळी लावत होते, आणि माझा तो मालकीचा रंधा गंजत पडला होता. मालक तरी दुसरं काय करत होता?

आणि ताई? त्या सभेपासून रोज संध्याकाळी निघताना त्या दारात थांबतात, पिशवी उलटी करून झटकतात, मग जातात. नवी मंडळी हसतात, ताईंना भुशाची फार किळस आहे म्हणतात. मीही हसलोय त्यांच्याबरोबर. ताई, मला ठाऊक होतं तुम्ही पिशवी का झटकता. रोज ठाऊक होतं.

येत्या सभेत प्रत्येकाला कुलपाची पेटी द्यायचा ठराव आहे. कारण म्हणून लिहिलंय, 'पूर्वी एक रंधा हरवला होता.' ठराव करायचा की नाही ते तुम्ही बघा. पण ते कारण खोडा, आणि तिथे माझं नाव लिहा. खुंट्यांची पद्धत चुकली नव्हती, मी चुकलो.

रंधा या पिशवीत आहे. पात्याला गंज चढलाय, असा टांगायचा नियम नाही, म्हणून निरोप झाला तरी उद्या सकाळी धार लावायला येईन.

तुम्ही एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते सगळ्यांनी पोटात घाला. रंध्याचं मात्र तुम्ही कुणी माफ करू नका, ते ताईंनी ठरवायचं. आणि ताई, आज निघताना दारात थांबू नका. तिथे मी उभा राहतो, माझी पिशवी उलटी करून.