बेल्ह्यातला जादाचा सर्व्हर

राव, खोडदला घरच्या कॉम्प्युटरवर माझा मेल सर्व्हर व्हता. लोडशेडिंग झालं की मेल यायची बंद. म्हटलं, आता माघार न्हाई. बेल्ह्याला लाईट जायची वेळ येगळी, म्हणून चुलतभावाकडं दुसरा सर्व्हर बसवला. वहिनीला सांगितलं, "हा जादाचा हाय. आमचा बंद पडला की कामाला येईल."

पहिल्याच लोडशेडिंगला पुण्याच्या दोस्ताचा फोन, "तुझा एकबी सर्व्हर मेल घेत न्हाई!"

वहिनीला फोन लावला. "तिकडं लाईट हाय ना?"

"हाय की. पन मशीन बंद करून झाकून ठेवलंय. विहिरीवरचं जादाचं इंजिन कुणी रोज चालवतं व्हय?"

तशीच मोटरसायकल काढून बेल्हं गाठलं आन बटण दाबलं.

वहिनी म्हणाली, "आता कशाला, भावजी? तुमची लाईट आली आसंल."